सटवाजीने छत्रीला खांदा लावला

"बोट लावू नका म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"बोट कुठं लावलं? खांदा लावला."

"मग खांदा लावायला तरी कुणी सांगितलं होतं?"

"तूच."

"मी?" हौसाने शिडी धरली होती ती सोडली आणि कमरेवर हात ठेवले. "सगळ्या गावासमोर खोटं बोलता?"

"खोटं कशाला बोलू? परवा जेवताना सांगितलंस. हातातला घास खाली ठेवून ऐकलं मी."

नवरा माळवदावर, बायको अंगणात, आणि अंगणभर गाव मान वर करून बसलेलं. ओट्यावर टीव्ही. टीव्हीत चित्र नाही, नुसती खरखर. टीव्हीच्या समोर, सगळ्यांच्या पुढे, पाटावर हौसाची आई गिरजाबाई. तिच्या मांडीवर एक बोचकं. बोचक्यात हौसाची लुगडी. हे भांडण कसं मिटतं त्यावर ते बोचकं घरात राहणार की सोमवारच्या एस.टी.ने माहेरी जाणार ते ठरणार होतं. म्हणून भांडण नीट समजून घ्यायला हवं, आणि त्यासाठी जरा मागे जायला हवं. शहाणी माणसं शेवटच ऐकून निकाल देतात. तसं करू नका.

तर, टेंभुर्डी नावाच्या गावात एक भोळा छत्रीवाला होता.

छत्रीवाला म्हणजे छत्र्या दुरुस्त करणारा नव्हे. ही गोष्ट त्या दिवसांतली, जेव्हा टीव्हीवर सरकारी केंद्र तेवढं दिसायचं. मग कुठून तरी बातमी आली की आभाळात उपग्रह टांगलेत आणि त्यांच्यातून रात्रंदिवस गाणी-नाटकं खाली पडतात, फक्त झेलायला भांडं पाहिजे. ते भांडं म्हणजे ही छत्री. गाडीच्या चाकापेक्षा मोठी, जाळीची, तीन लोखंडी पायांवर उभी. शहरातले तिला डिश म्हणायचे. टेंभुर्डीने तिला छत्री म्हटलं. ऊन अडत नाही, पाऊस अडत नाही, अशी छत्री.

तिचं शास्त्र सोपं आहे. उपग्रहाकडे तोंड असलं की चित्र येतं. वीतभर तोंड फिरलं की चित्र जातं. मला कळलं, तुम्हालाही कळलं असेल. सटवाजीला कळलं नाही. पण त्याने कळल्याचं सोंगही आणलं नाही, हे त्याच्या बाजूने आधी सांगून ठेवते.

छत्री आणली तरुण मंडळाने, गावातून वर्गणी काढून. ठेवायची कुठे? सटवाजीचं घर गावाच्या उंचवट्यावर, माळवद सपाट, आग्नेयेला आडवं झाड नाही की भिंत नाही. मंडळाची पोरं म्हणाली, "सटवाजीदादा, छत्री तुझ्या माळवदावर बसवतो. तू सांभाळायची."

"पावसात आत घ्यायची का?" सटवाजीने विचारलं.

"नको. तिला पाऊस चालतो."

"मग छत्री कशाला म्हणता?"

याचं उत्तर तुमच्याजवळ असलं तर सांगा.

आता हौसाविषयी. हौसा धारदार बाई. शेत तिने बघावं, म्हैस तिने बघावी, नवरा तिनेच बघावा. सटवाजी सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करी. अशा नवऱ्याचं एक सुख असतं, तो ऐकतो. आणि एक दुःख असतं, तो ऐकतोच.

पहिलं काम निघालं वायरीचं. तालुक्याहून नूरभाई मेकॅनिकने वायरीचं भेंडोळं एस.टी.त घालून दिलं आणि सोबत निरोप धाडला, "वायरीला पीळ बसू देऊ नका. पीळ बसला की चित्र गेलंच समजा."

सटवाजी फाट्यावर गेला. भेंडोळं उतरवून घेतलं. बघतो तर सगळा पीळच पीळ. त्याने ते तिथेच उलगडलं, एक टोक हातात धरलं आणि सरळ ओढत गावाकडे निघाला. मागे वायर, वायरीमागे शेरडं. वाटेत वायरीवरून एक बैलगाडी गेली. ओढ्यात ती भिजली. बाभळीत अडकली. घरी पोचली तेव्हा तिला एकही पीळ नव्हता. वरचं कातडंही नव्हतं.

हौसा म्हणाली, "अहो, वायर अशी फरफटत आणतात? लांबची चीज फाट्यावरून आणायची तर खांद्यावर टाकून आणावी."

"बरं. पुढच्या वेळी खांद्यावर."

पुढच्या वेळी फाट्यावर उतरला खुद्द नूरभाई. छत्री उभी करायला आला होता. लुकडा, उंच माणूस. हातात पान्यांची पिशवी, तोंडात पान.

"राम राम, सटवाजी," नूरभाई म्हणाला.

"लांबून आलात?" सटवाजीने विचारलं.

"लांबूनच की. तालुक्याहून."

सटवाजीने त्याला उचलून खांद्यावर टाकलं. डोकं मागे, पाय पुढे. नूरभाईला आधी वाटलं गंमत आहे, म्हणून त्याने हसून घेतलं. मग पान गिळलं गेलं. मग तो पाठीवर बुक्क्या मारायला लागला. सटवाजी म्हणाला, "हलू नका, पीळ बसेल." गाव दुतर्फा उभं राहून बघत होतं. एका म्हातारीने तर मेकॅनिक वारला समजून डोळ्यांना पदर लावला.

हौसाने कपाळावर हात मारला. नूरभाईला उतरवून घेतलं, पाणी दिलं, माफी मागितली. मग नवऱ्याकडे वळली. "अहो, घरी कुणी पहिल्यांदा आलं की त्याला खांद्यावर आणतात होय? आधी पाय धुवायला पाणी द्यायचं. मग गूळ-पाणी द्यायचं. एवढी रीत नाही ठाऊक?"

"आता झाली ठाऊक. पुढच्या वेळी गूळ-पाणी."

नूरभाईने छत्री उभी केली, सोबत आणलेली नवी वायर जोडली. पायांवर दगड रचले. आता राहिला होता रिसीव्हर. रिसीव्हर म्हणजे एक पेटी, तिच्यातून चित्र टीव्हीत जातं. दोन दिवसांनी तीही एस.टी.ने आली. सटवाजीने घरी आणली, ओट्यावर ठेवली. घरात ती पहिल्यांदाच येत होती. त्याने तिला उलटीसुलटी करून पाहिली. खाली रबराचे चार पाय निघाले. सटवाजीला बरं वाटलं. त्याने तांब्या आणला आणि चारी पाय स्वच्छ धुतले. मग गुळाचा खडा वाटीत कालवला. पेटीला तोंड कुठे ते दिसेना, पण डोक्यावर लांबलांब फटी होत्या. त्यांतून त्याने वाटीभर गूळ-पाणी घातलं. पेटीने सगळं पिऊन टाकलं. "तहानलेली होती," तो हौसाला म्हणाला.

नूरभाई पुन्हा आला. या वेळी फाट्यावरून एकटा, आडवाटेने, मागे बघत बघत आला. पेटी उघडली आणि आत डोकावला. मग म्हणाला, "वहिनी, टीव्हीत मुंग्या आल्या म्हणून मला रोज कुणी ना कुणी बोलावतं. खऱ्या मुंग्या आज पाहिल्या."

पेटी उन्हात वाळवली, झटकली, पुसली. मुंग्यांना बाहेर काढायला निम्मा दिवस गेला. पण चालू झाली.

हौसा म्हणाली, "अहो, नाजूक चीज बाहेरून आली की कोरड्या फडक्यात गुंडाळावी. धान्याच्या कणगीत नीट ठेवावी. वरून झाकण लावावं. म्हणजे तिला धूळ नाही, पाणी नाही, उंदीर नाही."

"नाजूक आहे ते कसं ओळखायचं?"

"विचारावं कुणाला तरी," हौसा म्हणाली आणि म्हशीकडे गेली. एका कामात दुसरं काम असलं की बायका असं अर्धं बोलतात. पुढे ते निस्तरतात.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. इथून पुढे हौसाचं काळीज गुंतलं.

हौसाला एक भाऊ. उत्तम त्याचं नाव. हलगी अशी वाजवायचा की झोपलेला बैल उठून उभा राहायचा. पुण्याला गेला, कुठल्याशा कलापथकात शिरला आणि तिकडचाच झाला. दिवाळीला येतो म्हणायचा, यायचा नाही. गिरजाबाई पत्र लिहून घ्यायची, त्याला उत्तर नाही. कुणी काही बोललं की म्हातारी फणकारायची, "कामाचा माणूस आहे. तुमच्यासारखा पारावर बसलेला नाही." आणि आता निरोप आला की येत्या रविवारी संध्याकाळी उत्तमची हलगी छत्रीच्या टीव्हीवर दाखवणार. गिरजाबाईच्या गावात छत्री नव्हती. लेकीच्या गावात होती. म्हातारी पोराचं तोंड बघायला निघाली.

लेकीच्या घरी ती लग्नानंतर पहिल्यांदाच येत होती. जावई साधा आहे असं तिला सांगितलं होतं. किती साधा ते सांगितलं नव्हतं.

हौसा शेतात. फाट्यावर गेला सटवाजी. म्हातारी एस.टी.तून उतरली, कंबर धरून उभी राहिली.

"मामी, पाया पडतो," सटवाजी म्हणाला. त्याला शेवटचा धडा आठवला. विचारावं कुणाला तरी. दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्याने तिलाच विचारलं. "मामी, तुम्ही नाजूक आहात का?"

म्हातारीला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. ती विरघळली. "काय सांगू जावईबापू, हाडं नुसती काचेची झालीत बघा. धक्का म्हणून सोसत नाही."

संध्याकाळी हौसा शेतातून आली.

"आई आली का?"

"आली."

"कुठाय?"

"ठेवली."

"कुठं ठेवली?"

"कणगीत. फडक्यात गुंडाळून. झाकण लावलंय, काळजी करू नको. उंदीर जाणार नाही."

कणगीतून म्हातारी निघाली तेव्हा तिच्या केसांत ज्वारी होती, कानांत ज्वारी होती, आणि तोंडात जे होतं ते छापता येणार नाही. तिने लेकीची दोन लुगडी खुंटीवरून ओढली आणि बोचकं बांधायला घेतलं.

"चल माझ्यासंगं. आत्ता."

"आई, रविवारी उत्तम दिसणार आहे ना?"

म्हातारीचा हात थांबला. "बरं. रविवारपर्यंत बघते. माझं लेकरू टीव्हीत नीट दिसलं, याने मधे काही घोळ घातला नाही, तर राहा इथं. घोळ झाला तर सोमवारच्या एस.टी.त तू माझ्या शेजारी बसायचं. वेड्याच्या पदरात लेक टाकली म्हणून मी मेल्यावर देवाला काय तोंड दाखवू?"

हौसा चुलीपुढे गेली आणि भाकरी थापू लागली. भाकऱ्या त्या दिवशी सगळ्या एका बाजूने करपल्या.

सटवाजीने हे ऐकलं होतं. त्याला पुष्कळ गोष्टी कळत नसत, पण हौसा जाणार हे कळलं. रात्री जेवायला बसला तो लाजेने भिंतीकडे तोंड करून. म्हातारी कडाडली, "बघ, बघ. वडीलधारं माणूस समोर बसलंय अन् हा पाठ दाखवून जेवतोय."

हौसा वैतागलेली. म्हणाली, "अहो, आईकडं तोंड करून बसा. मोठ्या माणसाला पाठ दाखवत नसतात. आई आहे तोवर या घरातल्या कुणाचीही पाठ तिच्याकडं दिसली नाही पाहिजे."

सटवाजीने हातातला घास खाली ठेवला. "कुणाचीही?"

"कुणाचीही."

"बरं."

दुसऱ्या दिवसापासून सटवाजी घराबाहेर पडायचा तो उलटा चालत. एकदा उंबऱ्याला अडखळून रांजणात बसला. पण तोंड म्हातारीकडेच. गोठ्यात म्हैस बांधलेली, तिची पाठ ओट्याकडे. त्याने ती फिरवून बांधली. मग गव्हाणीकडे शेपूट आणि ओट्याकडे तोंड, अशी म्हैस दिवसभर उपाशी उभी राहून म्हातारीकडे बघत होती. म्हातारी म्हणाली, "ही माझ्याकडं का बघते?" भिंतीवरच्या खुंटीला हौसाचं पोलकं टांगलेलं, त्याचीही पाठ दिसत होती. तेही त्याने उलटून टांगलं. हौसाने हे सगळं पाहिलं, पण रविवार तोंडावर आला होता, घरात पाहुणी होती, अंगण सारवायचं होतं. ती म्हणाली, "जाऊ दे, यात कुणाचं काय मोडतंय?" आणि तिथेच ती चुकली.

शनिवारी नूरभाई येऊन छत्री तपासून गेला. चित्र काचेसारखं स्वच्छ आलं. जाताना त्याने सटवाजीचे दोन्ही खांदे धरले. "सटवाजी, माझ्या बापा, आता हिला बोट लावू नकोस. एक बोटसुद्धा नाही."

"नाही लावत."

"शपथ?"

"शपथ."

रविवारी संध्याकाळी अंगणात गाव लोटलं. टीव्ही ओट्यावर आणला. पोरं मधे, बाया उजवीकडे, पुरुष कट्ट्यावर. सगळ्यांच्या पुढे पाटावर गिरजाबाई, धुतलेलं लुगडं नेसून, मांडीवर बोचकं घेऊन. बोचकं तिने सोडलं नव्हतं. हौसाने सटवाजीला माळवदावर चढवलं. "वर बसा. छत्रीवर कावळा बसला तर हाकला. बाकी काही करू नका. आज काही झालं तर मी उद्या या घरात नसेन, ध्यानात ठेवा."

"ठेवतो," सटवाजी म्हणाला. 

कावळा काही आला नाही. सटवाजी कठड्याशी बसून घरातल्या एकेकाकडे बघू लागला. आज काही चुकायला नको. खाली मामी बसल्यात. हौसाचं तोंड त्यांच्याकडे. ठीक. म्हशीचं तोंड त्यांच्याकडे. ठीक. आपलं तोंड त्यांच्याकडे. ठीक. मग त्याने मागे वळून पाहिलं.

छत्री. घरातलं सगळ्यात मोठं डोकं. आणि ती आग्नेयेला तोंड करून, मामींकडे उघडी पाठ करून, लोखंडी बरगड्या दाखवत खुशाल बसली होती. सगळ्या गावादेखत.

सटवाजी ताडकन उठला. मामींच्या नजरेला पडलं तर हौसा गेली. पण बोट लावायचं नाही, शपथ घातलेली. त्याने हात पाठीमागे बांधले. पायांवरचे दगड पायानेच बाजूला केले. मग छत्रीला खांदा लावला.

खाली टीव्हीवर निवेदिका सांगत होती, "आणि आता हलगीवर..." गिरजाबाई पाटावरून अर्धी उठली. हलगीचा पहिला ठोका पडला. पडद्यावर एक फेटा दिसला. फेट्याखाली कपाळ दिसलं. "हाच," म्हातारी म्हणाली, "हाच माझा." कपाळाखाली डोळे यायचे, तेवढ्यात पडदा थरथरला, फेटा तिरपा झाला, लांबला, आणि खर्रर्र.

गाव एका आवाजात "आं" म्हणालं. सगळ्यांच्या माना वर गेल्या. माळवदाच्या कडेवर छत्री अंगणाकडे तोंड करून वाकलेली होती आणि तिच्यामागून हात बांधलेला सटवाजी समाधानाने बाहेर येत होता.

आता तुम्हाला भांडण ठाऊक आहे. बोट लावलं नाही, खांदा लावला, इथवर ते आलं होतं.

"परवा काय सांगितलं मी?" हौसा खालून म्हणाली. "छत्री फिरवा म्हणून सांगितलं?"

"घरातल्या कुणाचीही पाठ मामींकडं नको म्हणलीस. मी विचारलंसुद्धा, कुणाचीही का. तू म्हणलीस, कुणाचीही."

"अहो, माणसांचं म्हणत होते मी."

"म्हैस फिरवली तेव्हा का नाही बोललीस?"

हौसाने गोठ्याकडे पाहिलं. म्हैस अजून ओट्याकडेच तोंड करून उभी होती.

मंडळाचं एक पोरगं म्हणालं, "फिरव की दादा परत, चित्र येईल." सटवाजी म्हणाला, "मामी उठून गेल्यावर फिरवतो." दोन पोरं शिडी चढून गेली, छत्री इकडे ढकल, तिकडे ढकल, पण मागून सटवाजी खांदा लावून उभा, ती काही वळेना. नूरभाई तालुक्याला. टीव्हीची खरखर चालूच. हलगी केव्हाच संपली असणार. हळूहळू सगळे बोचक्याकडे बघायला लागले.

हौसाने पदराने तोंड पुसलं. "तुम्ही ना," ती म्हणाली, "उद्या म्हशीला वैरण कोण घालणार आहे? तुम्हाला भाकरी कोण देणार आहे? कुणाला विचारणार तुम्ही, नाजूक आहे का म्हणून?"

"तू जाऊ नको म्हणून तर फिरवली," सटवाजी वरून म्हणाला. "पाठ दिसली असती तर तुझी आई तुला घेऊन गेली असती."

तेव्हा गिरजाबाई उठली. बोचकं हातात घेऊन उभी राहिली आणि वर बघू लागली. छत्री केवढी तरी मोठी, खळ्याएवढी वाटत होती. पोरं तिला ढकलून दमली होती, पण तिचं तोंड म्हातारीवरून काही हललं नव्हतं. छत्रीशेजारी सटवाजीचं तोंड. गोठ्यातून म्हशीचं तोंड. म्हातारीने टीव्हीकडे एकदा पाहिलं. तिथे मुंग्या.

"जावईबापू," ती म्हणाली, "पोरं हिला एवढी ढकलताहेत. परत आभाळाकडं वळवू द्यायची का?"

"तुम्ही आहात तोवर नको, मामी. बरं दिसत नाही."

म्हातारीने बोचकं लेकीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "सोड हे, हौसा, पोटच्या पोरानं माझ्याकडं पाठ फिरवली त्याला किती दिवाळ्या झाल्या, अन् तुझ्या या वेड्यानं आभाळाकडं बघणारी छत्रीसुद्धा माझ्याकडं तोंड करून बसवली."